दहापैकी सात

ती. अण्णा,

तुम्ही असतात तर या पत्राच्या पहिल्याच ओळीवर लाल पेन्सिल चालली असती. उजव्या कोपऱ्यात तारीख नाही, गावाचं नाव नाही, आणि ज्यांना लिहायचं ते पत्र उघडायला नाहीत. असू दे. मायन्याचे गुण कापून घ्या आणि पुढचं वाचा.

सुनंदाताईंनी बार्शीहून पाठवलेलं पाकीट आज सकाळी मिळालं. त्यांच्या ओळखीचं कुणी इकडे येत होतं, त्यांच्या हाती दिलं होतं. 'अण्णांचं कपाट आवरताना फाइल सापडली, वर "मंजिरीस देणे" असं लिहिलंय, म्हणून पाठवते,' एवढीच चिठ्ठी. सासऱ्यांनी सुनेसाठी ठेवलेली फाइल लेकीनं न उघडता पाठवली, हा तुमच्याच घरचा कडकपणा. आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मला ते आज अकरा वाजता कळलं. त्याआधीचं सव्वा वर्ष मी कसं काढलं ते ऐकवल्याशिवाय मी आज तुम्हाला सोडणार नाही.

चौतीस वर्षं कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवलात आणि अमेरिका एकदाही पाहिली नाहीत. तुमच्या बरोबरीच्या प्राध्यापकांची मुलं तिकडे गेली, तुमचा समीर नोकरीसाठी नेदरलँड्सला आला. तेव्हा म्हणे तुम्ही नकाशा उघडून बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हरकत नाही. अर्ध्या वाटेवर तरी पोचला."

आमचं आल्मेरे बघून मात्र तुमची निराशा झाली. "अगं, हे गाव माझ्याहून लहान आहे. समुद्र हटवून काढलेली जमीन. इथं इतिहास कुठून आणायचा?"

पण तो तुम्ही बरोबर घेऊनच आला होतात. बॅगेत चार सदरे, औषधांचा डबा आणि बाकी सगळी टिपणं. नोकरीत असताना लिहायचं राहून गेलेलं पुस्तक तुम्हाला आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहायचं होतं. अमेरिकन माणसांचा इतिहास. "अध्यक्षांचा नाही हं," तुम्ही बजावलंत. "माणसांचा."

फक्त हात ऐकत नव्हता. कंपवातामुळे अक्षर ओळीवर राहत नव्हतं आणि मोतीबिंदूमुळे लिहिलेलं तुमचं तुम्हालाच दिसत नव्हतं. म्हणून माझी नेमणूक झाली. लेखनिक! बोर्डाच्या परीक्षेत ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याला देतात, तसा. नियमही तुम्ही तिथलाच लावलात. "लेखनिकानं ऐकायचं आणि उतरवायचं. स्वतःचं एक अक्षर घातलं तर ती कॉपी. मी केंद्रावर असताना दोन लेखनिक परीक्षेतून उठवलेत."

मी हसत हसत हो म्हटलं. तेव्हा कुठे माहीत होतं?

सकाळभर मी तपासणी केंद्रात लोकांच्या दंडातून रक्त काढायचे, दोनला सुटायचे, सायकल हाणत घरी यायचे आणि तीनचा चहा झाला की वही उघडायचे. तुम्ही डोळे मिटून सांगायचात. कोणताही काळ असो, सुरुवात एकाच प्रश्नानं व्हायची. "त्या दिवशी त्यांच्या चुलीवर काय होतं?"

मला वाटलं होतं, सनावळ्या उतरवून बोटं दुखणार. तुम्ही मला नेऊन बसवलंत ते मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावणाऱ्या बायकांपाशी. त्या तिथल्या मूळच्या, बाहेरची जहाजं यायच्या कितीतरी आधीच्या. मग जहाजं आली. काहींमधून आपल्या मर्जीनं निघालेली माणसं उतरली आणि काहींमधून साखळ्यांत जखडलेली. तुम्ही म्हणालात, "दोघांना एकाच प्रकरणात घे. वेगळी केलीस की पहिल्यांची पुण्याई उगाच वाढते." चहावरच्या करावरून पेटलेलं स्वातंत्र्ययुद्ध सांगताना तुम्ही आधी आपला कप संपवलात, हे मला आठवतंय.

कापसाच्या प्रकरणाला चार दुपारी लागल्या. मळ्यांमधल्या गुलामांच्या कुटुंबांबद्दल सांगताना तुम्ही मध्येच वही मिटायला लावायचात. तिकडे यादवी पेटली, तिथला कापूस अडला, तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला, हे तुम्ही सांगितलंत आणि म्हणालात, "आपल्यापैकी कुणाच्या पणजोबाच्या पागोट्याला त्या वर्षी जरीचा पदर लागला असेल, तर तो तिकडच्या कुणाच्या तरी रक्तावर लागलाय. लिही हे." मी लिहिलं. जसंच्या तसं.

पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही हट्ट धरला होता, रॉटरडॅमची नदी बघायची. युरोपातली किती माणसं तिथून बोटीत बसून अमेरिकेला गेली! समीरच्या मित्राकडे, शेजारच्या कापेल गावात जेवायला गेलो होतो, तिथून तुम्हाला नेलं. काठावर तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. वारा एवढा होता की मी तुमचा दंड धरून ठेवला होता. मग तुम्ही विचारलंत, "तू घर सोडून निघालीस त्या दिवशी काय खाल्लंस?"

मला हसू आलं. मी काय इतिहासातली होते? पण सांगितलं. आईनं धपाटे दिले होते. विमानात डबा उघडवला नाही. इथं येऊन चौथ्या दिवशी उघडला तेव्हा बुरशी आली होती, आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले होते. समीरलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "लिहून ठेव." मी ते लिहिलं नाही.

आता त्या दुपारकडे येते. तुमचा दुसरा उन्हाळा, प्रकरण सहावं, पश्चिमेकडे निघालेल्यांचं. बैलगाड्यांचे ते लांबलचक तांडे, महिनोन्‌महिने चाललेले. तुम्ही रंगात आला होतात. गवताळ माळावर सरपण नसायचं, म्हणून रानरेड्यांचं वाळलेलं शेण गोळा करून त्यावर स्वयंपाक करायचे, हे सांगताना तर तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "गोवऱ्या गं, गोवऱ्या! आणि लोकांना वाटतं अमेरिका म्हणजे सगळं यंत्रावर."

मग तुम्ही हे वाक्य सांगितलंत. 'पुरुष नव्या जमिनीच्या ओढीने पश्चिमेकडे निघाले आणि त्यांच्या बायका त्यांच्या मागोमाग गेल्या.'

त्याच्यापुढे बैल. बैलांवर दीड पान! खूर कसे झिजायचे, पाणी कुठे पाजायचे. बायकांवर एक वाक्य आणि तेही अर्धंच. अण्णा, माणसांचा इतिहास ना?

माझं पेन तिथे अडलं. पुण्यात मी लॅबमध्ये होते, माझ्या हाताखाली तिघी होत्या. लग्न झालं, इथं आले, आणि मला जे ओळखपत्र मिळालं त्यावर माझ्या राहण्याचं कारण लिहिलं होतं: नवऱ्याजवळ राहणे. चार वर्षं माझं तेच कारण होतं. माझी पदविका इथं तशीच्या तशी चालत नव्हती, भाषा शिकून पुन्हा परीक्षा द्यायच्या होत्या, आणि सकाळी समीरची ट्रेन गेली की घरात फ्रिजचा आवाज यायचा. यात समीरचा दोष नव्हता. तुमचा तर नव्हताच. पण 'मागोमाग' हा शब्द माझ्या हातून उतरेना.

तुम्ही आडवे व्हायला गेलात आणि मी कॉपी केली.

मालमसाला तुमच्याच टिपणांतला होता. त्या बायकांनी ठेवलेल्या रोजनिश्यांवरून तुम्ही कधीकाळी काढलेली आणि मग वापरायची विसरलेली टिपणं. मी लिहिलं, 'त्या मागोमाग गेल्या नाहीत. गाडीत सामान असे, माणसांना जागा नसे. त्या गाडीच्या बाजूने चालत गेल्या. दुधाचे भांडे गाडीला टांगून ठेवत आणि दिवसभराच्या हिसक्यांनी त्यात लोणी येई. वाटेत बाळंत झाल्या, वाटेत मुले पुरली. माहेरच्या परसातले बियाणे फडक्यात बांधून घेतले होते, ते पोचल्यावर लावले. निघायचे की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते. पोचल्यावर घर उभे करणे मात्र त्यांच्याकडेच होते.' असं करत करत दोन पानं झाली. तुमच्या शैलीत लिहायचा प्रयत्न केला. शेवटी शेवटी तो सुटला.

संध्याकाळी तुम्ही रोजच्यासारखं म्हणालात, "वाच." मी तुमचं वाक्य आठवणीतून म्हटलं, माझी दोन पानं हळूच उलटली आणि बैलांवर आले. तुम्ही "हं" म्हणालात. तेवढंच.

ज्याला दिसत नाही अशा माणसाला मी फसवलं. हे मी स्वतःला त्या रात्रीपासून सांगत आले आहे. खाडाखोड करून तुमचं वाक्य परत घालणं काय कठीण होतं? दोन मिनिटांचं काम. रोज ठरवायचे आणि रोज वही बंद करायचे.

सप्टेंबरात तुम्ही परत गेलात. सगळ्या वह्यांची झेरॉक्स तुमच्या बॅगेत होती. डोळे अधू, म्हणून मी निश्चिंत होते. आणि मग दिवाळीनंतर समीर म्हणाला, "अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मस्त झालं. आता पेपर वाचायला लागलेत." मी तोंडानं "अरे वा" म्हटलं. सासऱ्यांना दिसायला लागलं म्हणून घाबरलेली सून तुम्ही पाहिली आहेत का कधी?

त्यानंतर दर रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल. तुम्ही अंगणात पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. समीरशी बोलून झालं, नातीला, ईराला दोन प्रश्न विचारून तिची इंग्रजी उत्तरं ऐकून झाली, की म्हणायचात, "लेखनिक कुठंय?" आणि मी समोर आले की, "काय गं, पुस्तकात काही घालायचं राहिलंय का?"

"नाही अण्णा, झालं सगळं."

"बघ हं, विचार करून सांग."

"नाही, काही नाही."

असे किती रविवार! दर वेळी मला वाटायचं, आज तुम्ही विचारणार. तुम्ही तेच विचारत होतात, हे आज कळतंय. सरळ सांगितलं का नाहीत, अण्णा? "मंजिरी, वाचलं मी," एवढं म्हणायला काय झालं होतं? विद्यार्थ्यानं स्वतःहून उभं राहावं म्हणून वर्गाला ताटकळत ठेवायची तुमची सवय मला समीरनं सांगितली होती. पण मी काय मागच्या बाकावरची होते?

आणि मग तुम्ही गेलात. पहाटे झोपेतच. समीर एकटाच निघू शकला, ईराची शाळा आणि माझी ड्यूटी म्हणून मी इथेच राहिले. तुमच्यासाठी रडताना मला तुमचं तोंड आठवायच्या ऐवजी ती दोन पानं आठवत होती. याचा मला फार राग आला. तुमचाही आला, खोटं कशाला सांगू?

मागच्या महिन्यात तुमचे विद्यार्थी सोनवणे यांचा फोन आला. छापखाना त्यांचा, पुस्तक तेच काढणार आहेत. "वहिनी, सरांचं शेवटचं टायपिंग पाठवा. आणि घरच्यांतर्फे सुरुवातीला दोन शब्द तुम्हीच लिहा." मी वह्यांवरून कॉम्प्युटरवर टाइप केलेली फाइल उघडली आणि सहाव्या प्रकरणाशी येऊन बसले. ठेवावं तर तुमच्या नावावर माझी अक्षरं छापली जाणार, आणि तुम्ही हरकत घ्यायलाही नाही. काढावं तर 'मागोमाग' छापलं जाणार, माझ्याच हातानं.

शेवटी समीरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं डिलीट कर ना मग. दोन पेजेसचं काय एवढं? ओरिजिनल वर्जन टाक, विषय संपला." त्याचं चुकलं नव्हतं. मी ठरवलं, शनिवारी काढून टाकायचं.

आज तोच शनिवार.

सुनंदाताईंनी पाठवलेली फाइल उघडली. झेरॉक्स कागद, आणि समासात तुमची लाल पेन्सिल. पहिल्या पाच प्रकरणांत माझी शुद्धलेखनाची झाडून सगळी पापं गोल करून ठेवलेली. तुमचा हात इतका थरथरत असताना तुम्ही एकेका वेलांटीला गोल केला असेल, त्याला किती वेळ लागला असेल? मी भराभर सहाव्यावर गेले. माझी दोन पानं. त्यांच्यावर एकही गोल नाही. तिरपी रेघ मारून खाली आकडा, वाकडातिकडा पण स्पष्ट. ७/१०.

त्याखाली चार ओळींचं लिहिणं, अर्ध्या पानाला पुरलेलं. 'वाचताना दोन पाने गुपचूप उलटलीस. डोळे अधू होते, कान शाबूत होते. मुद्दे बरोबर. बैल कमी करावेत. उदाहरणे दिली नाहीस, म्हणून तीन गुण कमी.'

मी मोठ्यानं हसले, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ईरा धावत आली. "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी नुसता कागद तिच्यापुढे केला. मराठी हस्ताक्षर काही तिला लागेना, आकडा मात्र लागला. "सेव्हन? दॅट्स गुड, आई! आमची युफ पण सेव्हनच देते." युफ म्हणजे त्यांच्या बाई. समीर आतून आला, कागद बघितला आणि खुर्चीवरच बसला. "अण्णांनी सात दिले? अगं, मला दहावीच्या सराव पेपरला साडेपाचच्या वर कधी गेले नाहीत ते."

सव्वा वर्षाचं ओझं उतरलं, अण्णा. एवढं हलकं वाटलं की दुपारी मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा तुमच्या कपात ओतला.

पण तुमचं लिहिणं तिथे संपत नव्हतं, हे मला दुसऱ्या चहाला दिसलं. पान उलटल्यावर पाठीमागे आणखी एक ओळ होती, पेन्सिलीचा जोर कमी झालेली. 'एक उदाहरण माझ्या घरातच होते. बार्शीला निघाली त्या दिवशी तिने काय खाल्ले, हे मी कधी विचारले नाही.'

साऱ्या जगाच्या चुली तुम्ही धुंडाळल्यात, आणि हे राहिलं म्हणून तुम्हाला लागून राहिलं होतं तर. समीरच्या आईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, कुणाला विचारणार होतात?

मला विचारायचं होतंत ना! मला माहीत आहे.

ईराच्या वेळी आई इथं येऊन राहिल्या होत्या, तेव्हा एका दुपारी मेथी निवडताना मी त्यांना विचारलं होतं. लग्नानंतर बेळगावहून निघताना त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. एसटी मिरजेला थांबली तेव्हा तुम्ही खाली उतरलात आणि त्यांना एक पेरू आणून दिलात. नुसता हातात ठेवलात. अर्धा त्यांनी खाल्ला. उरलेला अर्धा रुमालात बांधून बार्शीला आणला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बिया टोचल्या. "यांना वाटतं झाड आधीपासून होतं," असं म्हणून त्या हसल्या होत्या. "मी कशाला सांगू?"

तुम्ही विचारलं नव्हतंत, हे खरं. पण खायला तुम्हीच दिलं होतंत. वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली बसून पेपर तपासलेत, आणि माझा पेपरही तिथेच तपासला असणार. म्हणून आज पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही. माझं ओझं तुम्ही उतरवलंत, तुमचं उतरवायचं मलाही जमतंय का बघावं म्हटलं.

आता तुमच्या शेऱ्याप्रमाणे वागते. सहाव्या प्रकरणातली दोन पानं राहतील, आणि ती कुणाची आहेत ते खाली छापलं जाईल. कॉपी लपवणार नाही. तुमच्या टिपणांतल्या त्या चालत गेलेल्या बायकांची उदाहरणं त्यात घालेन. बैल अर्ध्या पानात बसवेन. सोनवण्यांना जे दोन शब्द हवे आहेत त्यात एक रुमाल येईल आणि धपाट्यांचा एक डबा. तो डबा तुम्ही मला नदीकाठीच लिहून ठेवायला सांगितला होता. मीच ऐकलं नाही.

पुरवणी लवकरच जोडते. तोवर ते तीन गुण बाजूला ठेवा, कापू नका. आणि आई तिथे भेटल्या असतील तर पेरूचं मी सांगितलं म्हणून सांगू नका, स्वतः विचारा.

तुमची, न सांगता अक्षरं घालणारी लेखनिक,
मंजिरी